चर्चच्या मंडळीत कोणी मन दुखावलं तर घरीच प्रार्थना करून चालत नाही का?

नाही चालत. घरी प्रार्थना करू नका असं म्हणत नाही, मी रोज पहाटे करते. पण तुम्ही लिहिलंय की महिला मंडळातल्या एका बाईनं चारचौघींत तुमच्या मुलीवरून टोमणा मारला, तेव्हापासून आठ महिने तुम्ही देवळाची, म्हणजे आपल्या चर्चची, पायरी चढला नाहीत, आणि देव तर घरातपण आहे मग आध्यात्मिक जीवनाला असा काय फरक पडतो. फरक पडतो, लई पडतो, आणि तो कळायला मला चार वर्षं लागली म्हणून लिहायलेय.

मी नर्स होते, आता रिटायर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, मंडळीचं नाव लिहीत नाही कारण माणसं अजून आहेत.

2011 चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन भक्ती, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, एकेकावर एक असे सात जण बोलणार, हे तुम्हाला सांगायला नको. तिसरा उद्गार, 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा', आमच्याकडं महिला मंडळाला असतो आणि त्या वर्षी मिटिंगमध्ये माझं नाव ठरलं. मला बोलायची सवय नाही. महिनाभर नाइट ड्युटीत वॉर्ड झोपला की मी शंभर पानी वहीत लिहायची, खोडायची, परत लिहायची. येशूच्या आईबद्दल, मरीयेबद्दल मला जे सांगायचं होतं ते ड्युटीतूनच आलं होतं. मरणाऱ्या पोराजवळ उभी असलेली आई मी किती वेळा बघितली, ती त्या वेळी रडत नाही, ती पायाला हात लावून उभी असते, पाय गार पडायलेत का बघत. एवढंच सांगायचं होतं मला.

शुक्रवारी साडेअकराला पांढरी साडी नेसून आईला धरून देवळात पोचले. दारात एका पोरानं छापील पत्रक हातात दिलं. तिसऱ्या उद्गारापुढं मंडळीच्या सेक्रेटरींच्या सुनेचं नाव होतं.

कोणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी नाही, मंडळाच्या बाईंनी नाही, सेक्रेटरींनी तर नाहीच. वही पर्समध्ये ठेवून मी तीन तास बसले. 'हे बापा, त्यांना क्षमा कर' यावर पाळकसाहेब वीस मिनिटं बोलले, मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. सून पाच मिनिटं बोलली, कागदावरनं वाचलं. भक्ती सुटली तशी कोणाला सलाम न करता आईला घेऊन घरी आले. ईस्टरच्या रविवारी पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेली पुनरुत्थानाच्या भक्तीला, त्या वर्षी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लागली नाही.

पहिले दोन महिने बरं वाटलं, हे कबूल करते. रविवार मोकळा, कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. मग काय व्हायला लागलं ते नीट वाचा कारण तुमच्याकडं आठ महिन्यांत हेच सुरू झालं असणार. मी गुडघे टेकायची आणि पाच मिनिटांत सेक्रेटरींशी भांडायला लागायची, मनातल्या मनात, मी असं म्हणेन, ते असं म्हणतील, मग मी असं म्हणेन. आमेन म्हणून उठायची तेव्हा देवाशी एक वाक्य झालेलं नसायचं. बायबल उघडलं की हात मत्तयच्या तेविसाव्या अध्यायावर जायचा, येशूनं फटकारलेले ढोंगी शास्त्री आणि परूशी, ते पान मी पेनानं इतकं रेघाळलं की फाटलं. माझ्या स्वतःच्या पापाबद्दल त्या चार वर्षांत मला एकही वचन सापडलं नाही. आणि प्रभुभोजन, म्हणजे देवळात भाकर आणि द्राक्षारस घेणं, तेही नाही, एकदाही नाही.

पण खरी किंमत मी भरली नाही. आईनं भरली. ती तेव्हा 78 ची होती, डोळ्यांना कमी दिसायचं, रस्ता ओलांडून एकटी जाऊ शकत नव्हती. दर रविवारी सकाळी आठला ती अंघोळ करून, पांढरं पातळ नेसून दाराजवळच्या खुर्चीत बसायची. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बायबल, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, चष्म्याचं घर, आणि रुमालाच्या गाठीत अर्पणाचे दहा रुपये. चल म्हणून ती मला कधी बोलली नाही. फक्त विचारायची, "आज ड्युटी हाय का गं?" मी हाय म्हणायची, नसली तरी. घंटा व्हायची. साडेदहा वाजले, म्हणजे तिकडं भक्ती सुटली असणार, की ती उठायची आणि पातळ बदलायची.

2014 च्या जानेवारीत ती गेली. मूठमाती द्यायला सेक्रेटरी पहिल्या चौघांत होते. त्यांच्या मिसेस दोन रात्री आमच्या घरी राहिल्या, आल्यागेल्याला चहा केला, भांडी घासली. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याच महिन्यात आईची ट्रंक आवरताना एका पत्र्याच्या डब्यात दहा-दहाच्या नोटा निघाल्या. मोजल्या, 1,340 रुपये. एकशे चौतीस रविवारची अर्पण तिनं बाजूला काढून ठेवली होती.

ते पैसे देवळाचे होते, घरात ठेवता येत नव्हते, आणि पावती फाडणारे तेच सेक्रेटरी. तरी तो डबा मी वर्षभर कपाटात ठेवला, इतका हट्ट.

2015 ला ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एका मंगळवारी गेले त्यांच्या घरी. सेक्रेटरी रिटायर मास्तर आहेत. मी म्हणले, आईची अर्पण आहे, पावती करा. त्यांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, पावती फाडली. मग मी विचारलं, "मास्तर, 2011 ला माझं नाव का काढलं?" ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "कशातलं नाव, सिस्टर?"

त्यांना आठवतच नव्हतं. नाटक नव्हतं ते, खोटं बोलणारं तोंड मला वॉर्डात तीस वर्षं बघून कळतं. त्यांनी कपाटातून फाइल काढली, दर वर्षीचं पत्रक लावून ठेवलेलं, 2011 चं काढून चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ धरून वाचलं. आतून त्यांच्या मिसेस म्हणल्या, "अहो, तुम्हीच नाही का म्हनले, सिस्टरची नाइट सुरू हाय, जमायचं नाही, सूनबाईला सांगा म्हणून." तेव्हा त्यांना अर्धवट आठवलं. म्हणले, "विचारायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं." आणि थोडा वेळ थांबून म्हणले, "पण सिस्टर, तुम्हीबी एकदा येऊन विचारायचं होतं. कमीत कमी म्हातारीला तरी आणायचं देवळात."

मला परत राग आला, तिथंच, चहाचा कप हातात असताना. कारण ते खरं होतं. घरी येताना मन हलकं वगैरे काही झालं नाही. पण त्या रात्री प्रार्थनेत मास्तर आले नाहीत, मी आईबद्दल रडले, आणि ते देवाजवळ रडले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घेतलं.

आता यावर माझा थोरला भाऊ काय म्हणतो ते सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला. दादा म्हणतो तू गेलीस म्हणजे तूच चुकलीस असं झालं, तू लाचार आहेस, चूक त्यांची, त्यांनी यायचं. तो स्वतः 2006 ला पाळकीय कमिटीच्या निवडणुकीवरून मंडळी सोडून गेला. म्हणतो, मी केव्हाच माफ केलंय, देवावर सोपवलंय, फक्त त्यांचं तोंड बघायचं नाही. त्यानंतर तीन फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेचे गट, बदलल्या, तिन्ही ठिकाणी कोणी ना कोणी त्याला दुखावलं, आता मोबाइलवर प्रवचनं ऐकतो. 'देवावर सोपवलं' ही मला आपल्या ख्रिस्ती लोकांची सगळ्यात मोठी पळवाट वाटते. सोपवलं असतं तर त्यांचं नाव काढल्यावर जेवण सोडून उठला असता का?

वचन बघा. मत्तय 5 मध्ये प्रभू म्हणतो, वेदीजवळ दान आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी वर्षानुवर्षं एवढंच धरून बसले होते, म्हणजे ज्यानं दुखावलं त्यानं यायचं. पण मत्तय 18 मध्ये म्हणतो, भावानं तुझा अपराध केला तर जा, एकट्यानं, दोघांतच बोल. चूक आपली असो का त्याची, दोन्ही ठिकाणी उठून जायचं आपल्यालाच आहे. घरी बसून वाट बघणाऱ्याला मला अजून एकही वचन सापडलं नाही, दादाला सापडलं असेल तर त्यानं दाखवावं.

त्याच अध्यायात दहा हजार तलांतांचा देणेकरी येतो, ज्याला राजानं सगळं सोडलं आणि त्यानं बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. लोक शिकवतात की शंभर दीनार म्हणजे किरकोळ. किरकोळ नाही. एक दीनार म्हणजे मजुराचा एक रोज, शंभर म्हणजे तीन महिन्यांच्या वर राबणं, आज रोज चारशे धरला तर चाळीस हजार रुपये. तुमचं दुःख प्रभू छोटं म्हणत नाही. पण एका तलांताचे सहा हजार दीनार धरले तर त्या माणसाला सहा कोटी रोज माफ झाले होते, हे तो दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला.

अडखळण हा शब्द आपण वाचतो ना, मूळ ग्रीकमध्ये तो सापळ्यातल्या काडीचा शब्द आहे, जिला आमिष लावतात, उंदराच्या पिंजऱ्यातली आकडी समजा. टोमणा मारणं त्या बाईचं. आकडीला तोंड लावणं आपलं.

नीतिसूत्रे 18:19 मध्ये दुखावलेला भाऊ म्हणजे तटबंदीच्या शहरापेक्षा जिंकायला अवघड असं म्हटलंय. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, देवगिरी सगळ्यांनी बघितलाय, खंदक, ताशीव कडा, तो अंधाराचा रस्ता. पण त्याच किल्ल्याची गोष्ट सांगतात की 1296 ला अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला आणि आत धान्य म्हणून भरलेली पोती उघडली तर मीठ निघालं, म्हणून रामदेवरायाला शरण जावं लागलं. माझी चार वर्षांची घरची प्रार्थना त्या पोत्यांसारखी होती. भरलेली दिसायची.

माझं आजोळ बेथेलचं, जालन्याजवळचं, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून वसवलेलं. 1843 ला ब्राह्मणाच्या या पोरानं बाप्तिस्मा घेतला, घर गेलं, जात गेली, धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या हुकमानं बापाकडं परत गेला. एवढं सोसून तो माणूस जालन्याला येऊन गावकुसाबाहेरच्या लोकांत राहिला आणि आम्ही त्यांचे वारस निवडणुकीवरून आणि पत्रकातल्या नावावरून देऊळ सोडतो. 1970 ला नागपूरला सहा चर्च मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बाळांचा बाप्तिस्मा करणारेही होते आणि मोठ्यांचाच करणारेही, तरी एका छताखाली आले. दादाला हे मी दर नाताळला सांगते.

एक गोष्ट आधीच लिहायला पाहिजे होती. मी बोलतेय ते मन दुखावण्याबद्दल. कोणी लेकराला हात लावला, बाईची छेड काढली, मंडळीचे पैसे खाल्ले, तर एकट्यानं जाऊन गुपचूप बोलायचं नाही, पोलिसात जायचं, आणि मत्तय 18 दाखवून जो तुम्हाला गप्प बसवेल त्याचं ऐकायचं नाही. जातीवरून कोणी बोललं असेल तरी ते निव्वळ मन दुखावणं नाही, ते पाप आहे, ते मंडळीसमोरच आलं पाहिजे, आपल्याकडं हे अजून होतं आणि आपण झाकतो. आणि जाऊन बोलल्यावर समोरचा माफी मागेलच असंही नाही. नाही मागितली तर मत्तयमध्येच पुढची पायरी दिलीय, एकदोघांना सोबत घेऊन परत जायचं.

त्या बाईकडं मधल्या वारी जा, रविवारी देवळाच्या दारात नको, तिथं ऐकणारे लई असतात. मुलीला सोबत नेऊ नका. काय बोलली ते शब्द जसेच्या तसे सांगा आणि मला लागलं म्हणा, तुम्ही कशा वाईट आहात ते नका सांगू.

आणि मुलीसाठी एवढं लिहिलंत, पण हे आठ महिने ती रविवारी सकाळी काय करते ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. आधी तिला विचारा.