चायनाची पिकअप घेऊ का?

प्रश्न : दादा, माही संत्र्याची बाग हाय वरुडकडं. भाचा दक्षिण आफ्रिकेत कामाले हाय, थो म्हनते का तिकडं ग्रेट वॉलची स्टीड आन जॅकची टी६ ह्या चायना पिकअप स्वस्तात भेटते. दोघीतली कोनती घेऊ?

उत्तर : भाऊ, भाचा खोटं नाही बोलत, पण आपल्याकडं दोन्हीचं शोरूमच नाही. ग्रेट वॉलनं 2020 मध्ये जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचा करार केलता, सरकारची मंजुरी काही भेटली नाही आणि 2022 ला सगळं बारगळलं, मग तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. म्हणजे स्टीड कितीही स्वस्त असो, क्लच प्लेट गेली तर वरुडात काय करणार?

तुमच्यासाठी जोडी म्हणजे बोलेरो पिकअप नाहीतर टाटा योद्धा. योद्धा 2.0 दोन टन उचलते, बोलेरोचं 1.7वालं मॉडेल 1.7 टन, म्हणजे भरलेलं क्रेट 20 किलोचं धरलं तर 85 क्रेट, बागवाल्याला तेवढं पुरते. मी तर बोलेरोच म्हणीन, गावोगावचे मिस्त्री ती डोळे मिटून खोलतात.

आता खरी गोष्ट चिखलाची. काळ्या मातीत पाऊस पडला की रिकामी पिकअप मागचं चाक जागच्या जागी फिरवत बसते, कारण इंजिनाचं वजन पुढं आन ओढ मागच्या चाकाला. चार क्रेट माती भरून मागच्या एक्सलवर ठेवले तर निघते बरेचदा. डांबरी रोड बागेपासून लांब असन तरच फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीची, चौकशी करा, नाहीतर ते पैसे चांगल्या टायरात घाला.