सी ड्राइव्ह रिकामा करा, पण विंडोज.ओल्ड आणि मराठी फॉन्ट आज पुसू नका

नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. १२० जीबीच्या एसएसडीवर सी ड्राइव्ह, त्यात दोन जीबी शिल्लक, पट्टी लाल, मशीन रडत रडत चालू होतं. गेल्या रविवारी दुकानदाराने विंडोज ११ टाकून दिलं आणि तेव्हापासून विंडोज.ओल्ड नावाचा, म्हणजे आधीचं विंडोज बाजूला काढून ठेवलेला, २३ जीबीचा फोल्डर दिसतोय. इथवर नेहमीचंच आहे. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "हा फोल्डर आणि वडिलांच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याच्या) वेळचे साडेतीनशे मराठी फॉन्ट उडवले तर चालेल ना? वडिलांच्या फाइल्स डी ड्राइव्हवर सुरक्षित आहेत." ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. शाळेत मराठी शिकवते. घरचं मशीन वीस वर्षं मीच सांभाळते, एवढाच माझा अधिकार. माझ्या सांगण्यात तांत्रिक चूक असेल तर इथल्या जाणकारांनी दुरुस्त करावी.

आमच्या अण्णांचा सांगलीत छोटा छापखाना होता. तो बंद झाल्यावर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. गावोगाव फिरून वंशावळी जमवल्या आणि स्वतः टाइप करून श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमवर लावल्या. ३८० पानं. सगळं डी ड्राइव्हवर, शिवाय सीडीवर एक प्रत. जानेवारी २०२० मध्ये कुलसंमेलन होतं, तिथे पुस्तक वाटायचं ठरलं होतं. त्याच महिन्यात विंडोज ७ चा सपोर्ट संपणार होता, म्हणून २०१९ च्या दिवाळीत मी मशीन दुकानात नेलं आणि विंडोज १० टाकून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, डेटा सेफ आहे." ते खरंच होतं.

घरी आणल्यावर पाहिलं तर सी ड्राइव्ह लाल. डिस्क क्लीनअप उघडलं, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबलं, तर यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' (म्हणजे हेच विंडोज.ओल्ड) समोर २२ जीबी. टिक केलं, ओके केलं. पट्टी निळी झाली, मशीन पळायला लागलं. त्या रात्री मी खुशीत होते.

दोन दिवसांनी अण्णांनी पेजमेकर सीडीवरून परत चढवून घेतलं आणि फाइल उघडली. आधी हे हे फॉन्ट सापडत नाहीत अशी यादी आली, मग पान आलं. वंशावळीचे चौकोन जागच्या जागी, रेघा जागच्या जागी, आणि पणजोबांचं नाव असायला हवं तिथे रोमन एच, एम, परत एम, मग डॉलरची खूण, मग एक अर्धवट कंस. सगळी ३८० पानं तशीच. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि परत लावून पाहिलं.

असं का होतं ते सांगते, म्हणजे "फाइल्स सुरक्षित आहेत" या वाक्यावर तुम्ही विसंबणार नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, सी-डॅकचे डीव्हीबी हे सगळे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षरांना स्वतःचं ठरलेलं घर देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या वळणाचे फॉन्ट. त्यांत मराठी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच. ती मराठी दिसतात ती केवळ फॉन्टमुळे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये लावला तरी कचराच दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड देवनागरी येतच नाही. म्हणजे त्या काळच्या मराठी फाइलीचा अर्धा जीव डी ड्राइव्हवर असतो आणि अर्धा सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये.

आणि ते फॉन्ट होते कुठे? विंडोज.ओल्डमध्ये, त्यातल्या विंडोजमध्ये, त्यातल्या फॉन्ट्समध्ये. सगळेच्या सगळे. मला फक्त तो एक फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा होता. एक फॉन्ट ५० ते १०० केबीचा असतो. तुमचे साडेतीनशे मिळूनही ३०-३५ एमबीच्या वर जाणार नाहीत, फॅमिली ग्रुपवरच्या लग्नाच्या एका व्हिडिओएवढे. तेवढ्यापायी आमचे पुढचे महिने गेले.

दुकानात परत गेले. उत्तर मिळालं, "फॉन्ट म्हणजे काय डेटा आहे का?" छापखाने, वकील, शिक्षक यांची मशीन रोज हाताळणाऱ्याला हे ठाऊक नसावं याचा मला आजही राग येतो. ज्यांच्याकडून श्रीलिपी सॉफ्टवेअर घेतलं होतं त्या विक्रेत्याने २००४ चं बिल मागितलं, ते नव्हतं. मग म्हणाले, नवीन आवृत्ती घ्या. जुन्या फाइली तिच्यात जशाच्या तशा दिसतील का, याचं उत्तर तीन फोन करूनही मिळालं नाही. पुसलेलं परत काढून देणाऱ्यानेही हात टेकले. आमची साधी हार्ड डिस्क होती, त्यामुळे लगेच मशीन बंद केलं असतं तर काही हाती लागलं असतं. पण दोन दिवस विंडोज अपडेट उतरवत बसलं होतं आणि त्या जागेवर नवीन लिहिलं गेलं होतं. तुमची एसएसडी आहे. तिथे पुसलेल्या जागा विंडोज ट्रिम करून मोकळ्या करतं, त्यामुळे पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच.

शेवटी जयसिंगपूरच्या एका जुन्या डीटीपीवाल्या काकांकडे जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन जपून ठेवलेलं होतं, तिथे फाइली लागल्या. पण मथळ्यांच्या फॉन्टची आवृत्ती वेगळी निघाली आणि काही जोडाक्षरं फिरली. अण्णांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ३८० पानांची प्रुफं पुन्हा तपासली. जानेवारीचं संमेलन पुस्तकाविना झालं, मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुस्तक २०२१ मध्ये छापून झालं. ज्या आत्याने सगळ्यात जास्त नावं सांगितली होती, तिने ते पाहिलं नाही.

तर तुम्ही आता हे करा. विंडोज.ओल्डमधला फॉन्ट्स फोल्डर आणि सध्याच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर, दोन्ही कॉपी करून डी ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज.ओल्डमध्येच यूझर्सच्या आत वडिलांचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स असतील, तेही पाहून घ्या. नंतर वडिलांच्या पाच-सहा फाइली उघडा. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर कर्सर ठेवल्यावर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, फॉन्ट मशीनवर नसला तरी. ती नावं वहीत लिहून ठेवा. मजकूर कचरा दिसत असेल तर तशा अवस्थेत फाइल सेव्ह करू नका. नीट दिसली की लगेच पीडीएफ करा, फॉन्ट आत बसवून. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर कचराच येईल, पण वाचता येईल आणि छापताही येईल. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, मात्र रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात. तपासायला माणूसच लागतो.

एवढं झाल्यावर विंडोज.ओल्ड खुशाल उडवा. फोल्डरवर डिलीट मारून तो नीट जात नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून काढा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' असतं, त्यावर टिक असेल तर आधी काढा. बँकेची स्टेटमेंटं आणि मुलांच्या मार्कलिस्टा बहुतेकांच्या तिथेच पडलेल्या असतात.

बाकी जागेचं थोडक्यात. ८ जीबी रॅम असेल तर हायबरनेटची (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याची सोय) फाइल तीनेक जीबी खाते. हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा, फक्त मशीन लवकर चालू करणारं फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं. डाउनलोड्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवरून डी ड्राइव्हवर हलवा, पण तिथे आधी वेगळा फोल्डर करून त्याचा पत्ता द्या. नुसता डी ड्राइव्ह दिलात तर सगळी डी त्याच फोल्डरमध्ये गुंतते, निस्तरताना नाकी नऊ येतात. विनएसएक्सएस नावाचा विंडोजचा स्वतःचा फोल्डर केवढाही दिसला तरी हाताने काही पुसू नका. वनड्राइव्ह चालू असेल तर 'डिलीट' आणि 'फ्री अप स्पेस' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिलीट केलेलं इंटरनेटवरच्या प्रतीतूनही जातं, 'फ्री अप स्पेस'ने फक्त मशीनवरची प्रत जाते. आणि ओळखीचं वाटत नाही म्हणून प्रोग्रॅम काढू नका, तो डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर असू शकतो.

वेगाचं माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या. तुमची एसएसडी गळ्यापर्यंत भरली आहे म्हणून मशीन अडतंय. वीसेक जीबी मोकळे झाले की फरक जाणवेल. ज्यांचा सी ड्राइव्हच साध्या हार्ड डिस्कवर आहे आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते, त्यांनी कितीही झाडलोट केली तरी फार उपयोग नाही, त्यांना एसएसडीच लागते. फुकटची बूस्टर आणि रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअरं कोणीच टाकू नयेत. १२० ऐवजी १११ जीबी का दिसतात असं तुम्ही विचारलंय, तर कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. दुकानदाराने फसवलेलं नाही.

वर दोघांनी "सरळ फॉरमॅट मारा" असं लिहिलंय. कृपा करून मारू नका.

अजून एक. अपग्रेड केल्यावर दहा दिवसांनी विंडोज स्वतःच विंडोज.ओल्ड पुसून टाकतं. तुमच्या दुकानदाराने अपग्रेड केलं की नव्याने टाकलं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून दहाच दिवस धरून चाला. गेल्या रविवारपासून मोजा आणि फॉन्ट आज रात्रीच कॉपी करून घ्या. वर्डच्या चौकटीत कुठली नावं दिसतात ती इथे लिहा. श्रीलिपीची असतील तर कुठल्या आवृत्तीची ते ओळखायला मी मदत करते, अण्णांनाही विचारते.