आईच्या स्टेटसवरची मुलगी

"मॅडम, हिच्या डोक्यातून हा रंगाचा विषय कसा काढू?" महिन्यातून एकदा तरी कुणीतरी आई मला हे विचारतेच. दर वेळी मला रेवा आठवते. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.)

रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेच्या खो-खो संघातली चपळ पोरगी, पण दोन महिने मैदानाकडे फिरकली नव्हती. विचारलं की म्हणायची, पाय दुखतो. वर्गाच्या फोटोच्या दिवशी तिचं पोट दुखलं. घराबाहेर पडताना तोंडाला कायम स्कार्फ. आई कळवळून सांगत होती, "आम्ही हिला कधी काळी म्हटलं नाही हो. उलट सांगते, अगं विठोबा सावळा, कृष्ण सावळा, तू किती गोड दिसतेस!"

रेवा खाली बघत एवढंच म्हणाली, "देवाला कुणी बघायला येत नाही."

हे वाक्य या पोरीकडे आलं कुठून? पुढच्या दोन भेटी आम्ही तेच उकलत बसलो. जाहिरातीतली बाई आधी सावळी आणि पडेल चेहऱ्याची असते. मग उजळते, आणि उजळली की तिला नोकरी मिळते, नवराही मिळतो. विनोदी कार्यक्रमात काळ्या रंगावर हमखास हशा. मालिकेला सावळी नायिका हवी असली, तरी गोऱ्या नटीलाच मेकअपने सावळं करतात. पण रेवाने जास्त सांगितलं ते घरातलं. आजी दर रविवारी बेसन-साय लावते. आत्या कौतुकाने म्हणते, "यंदा जरा उजळलीय हं!" आणि मग, दाबून धरलेल्या रागाने, "दादा माझ्याहून सावळा आहे. त्याला कुणी बेसन लावत नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे रंगाचा हिशेब मुलीच्याच नावावर मांडला जातो, हे तिने एका वाक्यात सांगितलं होतं.

तिसऱ्या भेटीत तिने आईचा मोबाइल मागितला आणि दोन फोटो माझ्यापुढे धरले. दोन्ही एकाच लग्नातले, तेच हिरवं परकर-पोलकं. एक मामेबहिणीने काढलेला, दुसरा आईने काढून स्टेटसला ठेवलेला. आईच्या फोटोत भुवईवरचा कांजिण्यांचा व्रण नव्हता. चेहरा पिठासारखा उजळ होता आणि हनुवटीखाली मान मात्र होती तशीच, सावळी. जिथे दोन रंग भेटत होते, तिथे रेवाने बोट ठेवलं. "ही मी नाहीये. आईला ही आवडते."

आईला काही सुचेना. तिने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. कॅमेऱ्यातलं चेहरा उजळवणारं सेटिंग फोन घेतल्यापासून चालूच होतं, ते तिला माहीतही नव्हतं. आम्ही तिथेच ते बंद केलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझ्या कॉलेजच्या वेळी क्रीमच्या खोक्यात रंगांच्या पट्ट्यांचा कागद यायचा. दर रविवारी गालाला लावून आरशात बघायचे, किती पट्ट्या पुढे गेले ते. एकही गेले नाही." रेवा आईकडे बघत राहिली. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्याच दिवशी रेवाचा स्कार्फ सुटला आणि गाल दिसले. लालभडक, त्यावर बारीक पुळ्या. दप्तरातून एक ट्यूब निघाली, मैत्रिणीने मेडिकलमधून आणून दिलेली. पाय दुखतच नव्हता, उन्हात गालांची आग होत होती. मी तिला लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मलमात स्टिरॉइड होतं. अशी कितीतरी मलमं 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी सर्रास मिळतात. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होत जाते. एकदम बंद केलं तर त्रास उसळतो, म्हणून थांबवायचंही डॉक्टरांना विचारूनच. म्हणून मी आता प्रत्येक आईला सांगते, समजूत नंतर घाला, आधी ती काय लावते ते बघा.

आणि समजूत घालताना "तू सुंदरच आहेस"ने सुरुवात करू नका. लेकरू खोटं बोलत नसतं. रंगावरून आपल्याला कमी लेखतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आधी ते मान्य करा. "हो, लोक असं वागतात, आणि ते चूक आहे." एवढं ऐकल्यावर रेवाचे खांदे सैल झालेले मला दिसले होते.

मग घरी एक काम दिलं. जाहिराती सगळ्यांनी मिळून बघायच्या, दादानेही. कपडे कोण धुतंय, सल्ला कोण देतंय, सावळं माणूस कुठल्या कामात दिसतंय? सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा कमनशिबी दाखवू नये, असा नियम जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने 2014 मध्येच केलाय, आणि तिथे कुणालाही फुकट तक्रार करता येते, हे मी सांगितलं. 1975 पासूनच्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, हेही सांगितलं. रेवाने वहीत लिहून आणलं: "गोरा शब्द गेला. चेहरे अजून गोरेच."

सगळं सरळ झालं नाही. आजीचं बेसन थांबायला दिवाळी उजाडली. मध्ये एकदा रेवानेच विचारलं, "खरंच काहीच लावून रंग बदलत नाही?" नाही म्हटल्यावर ती रडली, आणि मी तिला रडू दिलं.

गाल बरे व्हायला काही महिने लागले. मग ती मैदानावर परतली. शाळांच्या सामन्यात आईने फोटो काढला. धुळीने माखलेलं तोंड, एक हात खांबाला. आता आई विचारल्याशिवाय स्टेटस ठेवत नाही. रेवाने फोटो मोठा करून नीट पाहिला.

"ठेव," ती म्हणाली. "पण कापू नको. खांब दिसू दे."