जुन्या एस्टीममध्ये पेट्रोलचं प्रेशर कमी येतंय, गॅरेजवाला पंप बदला म्हणतो. आधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ ची एस्टीम आहे, नंतर बसवलेलं सीएनजी किट आहे, पेट्रोलवर पावागडला माचीचा चढ लागला की गाडीचा दम जातो, गेज लावल्यावर आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला २६ पाउंड, प्रेशर आलं आणि गॅरेजवाला म्हणतोय, "पंप बदली नाखो," म्हणजे बदलून टाका. पंप अजून मागवू नका. प्रेशर कमी आहे हे खरंच, पण ते कुठे हरवतंय हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. मी स्वतः अशाच सल्ल्यावरून नवा पंप टाकून बसलो होतो आणि दोष निघाला भलतीकडेच. ते पुढे सांगतो.

तुमच्या गाडीत गॅस आहे, याचा फायदा घ्या. गाडी गॅसवर घेऊन तोच चढ चढून बघा. गॅसवर ताकद थोडी कमी असतेच, तिकडे लक्ष देऊ नका. गाडी अडखळते का, झटके देते का, एवढंच बघायचं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. म्हणून गॅसवर गाडी सरळ ओढत असेल तर प्लग, कॉइल, प्लगच्या वायरी, कॉम्प्रेशन या सगळ्यांवरचा संशय जवळजवळ मिटला. दोष टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या वाटेवर आहे. आणि दोन्हीवर सारखाच दम जात असेल तर आधी एअर फिल्टर, टायमिंग बेल्ट, क्लच आणि आतून चोंदलेला सायलेन्सर बघा. बडोद्यात कितीतरी जुन्या गाड्या गॅसवर चालतात, तरी ही फुकटातली तपासणी कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. स्कॅनरवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायच्या यंत्रणेची, सक्ती २०१० पासूनची, आणि तसंही या गाडीत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरला प्रेशर पडल्याचं कळायला मार्ग नाही.

आता आकडे. या १.३ लिटरच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनाला, इंजिन बंद आणि नुसता पंप चालू असताना दर चौरस सेंटीमीटरला २.७ ते ३.१ किलो प्रेशर लागतं, म्हणजे ३८ ते ४४ पीएसआय. आयडलला ते २.१ ते २.६ किलो, म्हणजे साधारण ३० ते ३७ पीएसआय. तुमचे २६ कमीच आहेत. आयडलला प्रेशर खाली येतं त्याचं कारण रेग्युलेटरला (पेट्रोलचं प्रेशर ठरावीक राखणाऱ्या भागाला) जोडलेली व्हॅक्यूमची बारीक नळी. म्हणून पहिली चाचणी हीच: इंजिन चालू असताना ती नळी काढा आणि तिचं तोंड बोटाने बंद करा. काटा चटकन सहा-आठ पीएसआय वर जायला हवा. नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल ओलं दिसलं किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, पुढचं काही तपासायची गरज नाही.

दुसरी चाचणी परतीच्या नळीची. पंप नेहमी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो, रेग्युलेटर जादाचं टाकीत परत सोडतो. परतीची रबरी नळी फडक्यात गुंडाळलेल्या पकडीने फक्त एक-दोन सेकंद दाबायची. काटा झपकन वर गेला तर पंपात जोर आहे आणि रेग्युलेटर पेट्रोल वेळेआधी सोडून देतोय. काटा जागचा हलला नाही तर अडचण मागे आहे: फिल्टर, टाकीतली जाळी, पंप, किंवा पंपाला मिळणारी वीज. नळी जुनी आणि कडक झाली असेल तर आधी ती बदला. दाबताना तडकली तर गरम इंजिनावर पेट्रोल उडेल.

सावधगिरीचं बोलायलाच हवं. कुठलीही नळी सोडण्याआधी पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. उघड्यावर काम करा आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा. गॅसच्या गाडीला सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा. आणि शेजारी कोणी विडी पेटवत असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत लांब पाठवा.

उभ्या गाडीत प्रेशर ठीक आणि चढावरच दम जातो, असंही होतं. गाडी उभी असताना कितीही रेस केलं तरी इंजिन जेमतेम पेट्रोल पितं, थकलेला पंपही तेवढं पुरवतो. माचीच्या चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मागणी कितीतरी पट होते. म्हणून प्रेशरइतकंच पेट्रोलचं मापही महत्त्वाचं. परतीची नळी धातूच्या डब्यात सोडून, इंजिन बंद ठेवून पंप तीस सेकंद चालवा. अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल यायला हवं. पाव लिटरवर अडत असेल तर आधी फिल्टर बदला, तो पंपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि पुन्हा मोजा.

आता माझी हकीगत. २०२४ च्या ऑगस्टात पुरात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा माझी जुनी गाडी सीटपर्यंत बुडाली. गाळ काढला, ऑइल बदललं, सीटा उन्हात वाळवल्या, गाडी चालू झाली. चार महिन्यांनी तुमच्यासारखंच सुरू झालं. सकाळी बरी, तापली की चढाला मरगळ. प्रेशर कमी निघालं, नवा पंप बसला. तीन दिवस जरा बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग एका रविवारी दोन मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर १०.७. तीन व्होल्ट वाटेत गिळले जात होते. पंपाची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मीटर धरला तर दोन व्होल्टच्या वर. तिथे काटा शून्याजवळच राहायला हवा. मागच्या सीटखालचा कार्पेट उचलला, तर अर्थिंगचा स्क्रू हिरवागार झाला होता आणि त्याखालचा पत्रा गंजला होता. पत्रा घासून चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला, वर ग्रीस लावलं. प्रेशर जागेवर आलं. आधीचा पंप निरोगी होता, तो मी भंगारात दिला होता.

पंपाची मोटर व्होल्टेज पडलं की हळू फिरते, इतकं साधं आहे हे. म्हणून तुम्हीही हे माप पंप चालू असतानाच घ्या. कनेक्टर सुटा करून घेतलेलं माप फसवतं, कारण करंट वाहत नसला की गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. बॅटरी आणि पंप यांच्यात एका व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर रिलेचे पॉइंट, फ्यूजची पकड आणि अर्थिंग, या क्रमाने जा. तुमची गाडी त्या पुरात उभी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होती असेल तर मी गेजच्याही आधी कार्पेट उचलेन.

एक गोष्ट मात्र गॅसच्या गाड्यांची खास. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोल दोन-तीन लिटरच ठेवायचं, ही आपली सवय. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. नंतर बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गॅसवरही पेट्रोल पंप फिरतच राहतो, फक्त इंजेक्टर बंद केलेले असतात. म्हणजे तळाशी उरलेल्या घोटभर पेट्रोलात तो तासन् तास तापत फिरतो. किटवाल्याकडून गॅसवर असताना पंप बंद करणारा रिले बसवून घ्या, आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. शिवाय महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, आता त्यात इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. तुमच्या टाकीत नेमकं किती जुनं पेट्रोल आहे, आठवून बघा.

सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो का? लागत असेल तर इंजिन बंद केल्यावर एका मिनिटाने गेज बघा. २ किलोच्या वर, म्हणजे २८ पीएसआयच्या वर टिकायला हवं. लगेच खाली आलं तर पंपाचा आतला व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा गळका इंजेक्टर.

एवढं करूनही बोट पंपाकडेच गेलं, वीज पूर्ण मिळतेय, फिल्टर नवा आहे आणि माप तरी कमीच, तर मग पंप जरूर बदला. जाळीसकट बदला. जुना पंप बाहेर आला की टॉर्च मारून टाकीचा तळ स्वतः बघा. पाणी किंवा तांबूस गाळ दिसला तर आधी टाकी धुऊन घ्या, नाहीतर नवी जाळीही तशीच भरेल. आणि गॅसवर गाडी नीट चढत असेल तर तोवर पावागड गॅसवरच करा, टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल ठेवून.