गोदरेज टाइपरायटरची कॅरेज सरकत नाही: भंगारात टाकण्याआधी

परभणीतल्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं मराठी गोदरेज टाइपरायटर तुम्ही उचललंय. अक्षरं एकावर एक पडतात, कागद घेऊन सरकणारी वरची कॅरेज जागची हलत नाही आणि मेकॅनिक म्हणतो, पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या. पार्ट मिळत नाहीत हे खरंच आहे, कंपनीने ही मशीनं बनवणं कधीच थांबवलंय. पण तुमच्या दुखण्याला बहुतेक कंपनीचा पार्ट लागणारच नाही.

डाव्या हाताने कॅरेज हलकेच डावीकडे ओढून धरा आणि 'क' दाबत राहा. दर ठोक्याला एकेक घर सरकली, तर आतलं दातेरी चाक शाबूत आहे. बहुतेक तुटलीय ती फक्त मागच्या स्प्रिंगच्या डब्यापासून कॅरेजपर्यंत जाणारी पट्टी. उकार, अनुस्वार अशा काही कळांवर कॅरेज सरकत नाही, ती रचनाच तशी आहे. उगाच तिथे स्क्रू पिळत बसू नका.

पट्टीऐवजी मासे धरायचा विणलेला नायलॉन दोरा चालतो. पतंगाचा मांजा नको, तो घासून बाकीचं कापेल, शिवाय नायलॉन मांजावर बंदी आहे. दोरा अडकवण्याआधी डब्याला ताण येईल त्या दिशेने तीन-चार फेरे द्या आणि कॅरेजला अडकेपर्यंत डबा सोडू नका. हातातून निसटला तर भर्रकन उलगडतो, आतली स्प्रिंग मोडू शकते, आणि ती काही घरी बनत नाही. ओळ संपेपर्यंत कॅरेज ओढली जाईल एवढाच ताण पुरे. जास्त दिला तर अक्षरं उड्या मारतात.

कागद ज्यावर गुंडाळतो त्या मोठ्या रोलरचं रबर आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दगड होतं. मग अनुस्वार कागदाला भोक पाडतो. लगेच नवं रबर चढवू नका, जाडी बदलली की अक्षरांचा ठोका बिघडतो. आधी बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि टाइप करताना मागे एक जादा कागद घाला, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कागद धरणाऱ्या छोट्या रोलरांना मात्र मोटारसायकलच्या पेट्रोल नळीचे तुकडे बिनधास्त चढवा. रिबन १३ मिमीची, जुन्याच लोखंडी चकत्यांवर गुंडाळायची.

अक्षरांच्या दांड्या जिथे बसतात तिथे तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि दांड्या अडकतात. रॉकेल किंवा पेट्रोल लावलेल्या ब्रशने साफ करून कोरडं होऊ द्या, जवळपास विडी-काडी नको.

अक्षराचा ठसाच झिजला असेल तर घरगुती उपाय नाही. ठसा दांडीला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो, तो तसल्याच दुसऱ्या मशीनवरून घ्यावा लागतो. तहसील आणि कोर्टासमोरच्या टायपिस्टांकडे विचारा, कॉम्प्युटर आल्यापासून एखाद्याकडे बंद मशीन पडून असेल.

डब्याला हात लावण्याआधी मशीनच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र पाठवा. पट्टी हुकाने अडकवलीय की स्क्रूने, ते बघून गाठ कशी मारायची ते सांगतो.