दाखल, परिग्रहण, बोधांक : ग्रंथालयाच्या कागदांतले शब्द

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहपदाची जबाबदारी नव्यानेच घेतलेल्या बाईंनी विचारलं आहे : ‘जुन्या वह्यांवर दाखल क्रमांक आहे, छापील नमुन्यांत परिग्रहण क्रमांक आहे, संगणकावर ॲक्सेशन नंबर आहे. हे तीन वेगळे की एकच? शिवाय बोधांक, निर्लेखन, परिरक्षण अनुदान, इतर ब, आरआरआरएलएफ हे शब्द रोज कागदांत येतात. यांचे नेमके अर्थ काय, आणि आम्ही आमच्या वह्यांवर कोणता शब्द लिहावा?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : एकच. दाखल क्रमांक म्हणजेच परिग्रहण क्रमांक, आणि तोच ॲक्सेशन नंबर. पण हे सांगून थांबलं तर खरा घोटाळा तसाच राहील, कारण पुस्तकावर दाखल क्रमांकाशिवाय आणखी दोन आकडे असतात आणि माणसं त्या तिघांची सरमिसळ करतात.

समजा, वाचनालयाने एकाच कादंबरीच्या एकाच आवृत्तीच्या पाच प्रती घेतल्या. पाचही प्रतींच्या मागच्या मुखपृष्ठावर रेघांच्या पट्टीखाली आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक, छापलेला असतो, तो पाचही ठिकाणी सारखाच. हा प्रकाशकाचा आकडा. तो आवृत्तीला मिळतो, प्रतीला नाही. 2007 पासून तो तेरा अंकी झाला. भारतातल्या पुस्तकांवर सुरुवातीच्या 978 नंतर बहुधा 81 किंवा 93 दिसेल. पाचही पुस्तकांच्या कण्यावर खालच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोधांक असतो. तोही पाचांना एकच, कारण तो पुस्तकाचा विषय आणि कपाटातली जागा सांगतो. दाखल क्रमांक मात्र पाचांना पाच वेगळे. तो त्या एका प्रतीचा असतो, तुमच्या हातात असलेल्या, कोपरा दुमडलेल्या, कुणीतरी चहाचा डाग पाडलेल्या त्याच प्रतीचा. पुस्तक हरवलं तर कोणतं हरवलं हे आयएसबीएन सांगू शकत नाही, दाखल क्रमांक सांगतो. म्हणूनच तो नुसता चिठ्ठीवर न ठेवता मुखपृष्ठाच्या आतल्या पानांवर लिहितात, आणि बऱ्याच ग्रंथालयांत आतलं एक पान ठरवलेलं असतं, प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर शिक्का आणि क्रमांक. पहिली पानं फाडून नेणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

आता शब्दांकडे. ‘दाखल’ मूळचा अरबी, आत येणे या अर्थाचा. मराठीत तो इतका मुरला आहे की रुग्ण दवाखान्यात दाखल होतो, फिर्याद दाखल होते, आणि शाळा सोडताना दाखला मिळतो. पुस्तक ग्रंथालयात दाखल होतं म्हणजे ते दुकानदाराचं किंवा देणगीदाराचं राहत नाही. त्या दिवसापासून ते घरातलं होतं. ‘परिग्रहण’ संस्कृत आहे आणि अर्थानेही चुकीचा नाही. परिग्रह म्हणजे स्वीकारणं, आपल्या मालकीचं करणं. अपरिग्रह आपण सगळे ऐकून असतो, योगातल्या पाच यमांतला आणि जैनांच्या पाच व्रतांतला. साठा न करण्याचं ते व्रत. परिग्रहण त्याच्या उलट, वस्तू ताब्यात घेण्याची क्रिया. परिभाषेसाठी शब्द नेमका आहे. पण मला दाखल अधिक जवळचा वाटतो, कारण परिग्रहणात लक्ष घेणाऱ्याकडे जातं आणि दाखलमध्ये येणाऱ्या पुस्तकाकडे. शिवाय टेबलामागे बसलेला कर्मचारी ‘हे पुस्तक अजून दाखल झालं नाही’ असंच म्हणतो. ‘परिग्रहित झालं नाही’ असं म्हणताना मी कुणालाही ऐकलेलं नाही.

बोधांक हा शब्द मला मनापासून आवडतो. इंग्रजीत याला कॉल नंबर म्हणतात, कारण बंद कपाटांच्या काळात वाचक चिठ्ठीवर आकडा लिहून पुस्तक ‘मागवायचा’. मराठी शब्द करणाऱ्यांनी त्या हाकेचं भाषांतर केलं नाही. आकडा पाहून पुस्तक कशाचं आहे याचा बोध होतो, म्हणून बोधांक. त्याचे दोन मुख्य भाग : वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, आणि ग्रंथांक, म्हणजे त्या विषयातल्या पुस्तकाची ओळख, जी बहुधा लेखकाच्या नावाच्या अक्षरांवरून ठरते. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा आकडा 891.46 आहे. त्यापुढे 1 आला की कविता, 2 आला की नाटक, 3 आला की कथा-कादंबरी. म्हणजे 891.463 हे मराठी कादंबऱ्यांचं कपाट. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची 1933 ची पद्धत वेगळी. तिला मराठीत द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात, कारण तिच्यात आकड्यांच्या मधे दोन टिंबांचं चिन्ह येतं. लहान वाचनालयांत यातलं काहीच नसतं आणि चिठ्ठीवर नुसतं ‘का’ किंवा ‘ना’ असतं, कादंबरी आणि नाटक. तोही वर्गांकच.

तालिका आणि सूची या दोन शब्दांत मात्र कृपा करून गल्लत करू नका. तालिका या ग्रंथालयात काय आहे ते सांगते. ग्रंथसूची एखाद्या विषयावर किंवा भाषेत काय छापलं गेलं ते सांगते, मग ते पुस्तक तुमच्याकडे असो वा नसो. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची 1800 पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची नोंद घेते, ती या दुसऱ्या अर्थाने सूची. रोजच्या बोलण्यात तालिकेलाही सूची म्हणतात, त्याला माझी हरकत नाही, पण अहवालात ‘सूची तयार केली’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काम भलतंच मोठं वाटेल. ओपॅक हे या तालिकेचंच संगणकावरचं रूप, ऑनलाइन पब्लिक ॲक्सेस कॅटलॉग या चार शब्दांच्या आद्याक्षरांचं. त्यातला महत्त्वाचा शब्द पब्लिक आहे. कर्मचाऱ्याच्या संगणकावरची यादी म्हणजे ओपॅक नव्हे, वाचकाला स्वतः शोधता आली तर ती ओपॅक. अशा कामासाठी बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी कोहा नावाची प्रणाली मुळात न्यूझीलंडमधली. ते आद्याक्षरांचं नाव नाही, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, देणगी. ती मोफत आहे, म्हणून हे नाव.

निर्लेखन या शब्दापाशी मला थोडं रेंगाळायचं आहे. लिख् या धातूचा जुना अर्थ ओरखडणं, कोरणं. आयुर्वेदात जिह्वानिर्लेखन म्हणजे जीभ घासून साफ करणं. म्हणजे निर्लेखन म्हणजे खरवडून काढणं. सरकारी मराठीत तो ‘राइट ऑफ’ला योजला गेला आणि मोडक्या खुर्च्या, जुन्या गाड्या, जीर्ण पुस्तकं या सगळ्यांना तो लागू झाला. पण ग्रंथालयाच्या वहीत प्रत्यक्षात काहीही खरवडायचं नसतं! पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं, तरी दाखल नोंदवहीतली त्याची ओळ तशीच राहते. शेवटच्या शेरा रकान्यात ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून ‘बाद’ असा शेरा पडतो. आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही. नव्या कर्मचाऱ्यांकडून इथे चूक होते. रिकाम्या झालेल्या क्रमांकावर नवं पुस्तक बसवतात, आणि दहा वर्षांनी पडताळणीच्या वेळी एका आकड्याची दोन पुस्तकं निघतात.

म्हणून इथेही जुना शब्द मला जास्त खरा वाटतो. ‘बाद’. धावबाद झालेला फलंदाज मैदानातून जातो, पण त्याचं नाव आणि त्याच्या धावा धावफलकावर राहतात. पुस्तकाचंही तसंच. माझ्याकडे रद्दीच्या दुकानात मिळालेलं एक प्रवासवर्णन आहे. आतल्या पानावर जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, त्यात हाताने लिहिलेला चार आकडी दाखल क्रमांक, आणि त्यावर तिरका, लाल, ठळक ‘बाद’. बादच्या खालचा क्रमांक आजही स्वच्छ वाचता येतो. ते पुस्तक चोरीचं नाही, रीतसर बाहेर पडलेलं आहे, हे त्या दोन अक्षरांमुळे मला कळतं.

परिरक्षण अनुदानाबद्दल तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे. परिरक्षण म्हणजे सगळ्या बाजूंनी राखणं. त्यामुळे हे पैसे जुन्या पुस्तकांची बांधणी, वाळवीचं औषध यांसाठी असावेत असं वाटतं. तसं नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला ते चालू ठेवण्यासाठी दर वर्षी जी मदत मिळते, ती परिरक्षण अनुदान. त्यातून कर्मचाऱ्यांचं वेतन भागतं आणि वेतनेतर खर्चही, म्हणजे पुस्तकं, नियतकालिकं, भाडं, वीज. इंग्रजीत मेंटेनन्स म्हणतात, त्याचं हे भाषांतर आहे आणि ते फार यशस्वी नाही. ‘चालू खर्चाचं अनुदान’ म्हटलं असतं तर कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला पहिल्या वाचनात समजलं असतं. तुमच्या पत्रांत शासनाचाच शब्द ठेवा, तिथे बदल करू नका. पण जुन्या पोथ्या आणि पुस्तकं सांभाळण्याबद्दल लिहाल तेव्हा ‘जतन’ लिहा. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या राहतील.

‘इतर ब’ हा वर्ग आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची पुस्तकं, वाचक, उघडी राहण्याची वेळ, कर्मचारी यांवरून अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते. जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं ग्रंथालय म्हणून ज्याला मान्यता आहे त्याच्यापुढे तसा शब्द लागतो, बाकीच्यांना ‘इतर’. त्यामुळे तालुक्याच्या गावी असूनही तुमचं वाचनालय ‘इतर’ असू शकतं. त्यात काही कमीपणा नाही.

याच ओघात ‘शासनमान्य’ आणि ‘शासकीय’. फलकावर शासनमान्य लिहिलेलं पाहून लोक ते सरकारचं वाचनालय समजतात. ते संस्थेचं असतं, सभासदांचं असतं, सरकारने फक्त मान्यता आणि अनुदान दिलेलं असतं. शासकीय ग्रंथालय सरकार स्वतः चालवतं. महाराष्ट्रात ‘सार्वजनिक’चा अर्थही यामुळे वेगळा झाला आहे, सार्वजनिक म्हणजे मोफत असं इथे नसतं. तमिळनाडूत 1948 च्या कायद्यापासून ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेतला जातो. आपल्याकडे तसा उपकर नाही, आणि बहुतेक वाचनालयं वर्गणी आणि अनामत घेऊन चालतात. वर्गणी परत मिळत नाही, अनामत मिळते, कारण अनामत हा शब्दच विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूचा आहे. म्हणून अनामतीची रक्कम जमाखर्चात उत्पन्न म्हणून धरायची नसते. ती सभासदांची देणी असते. सार्वजनिक ग्रंथालयांचा विचार आपल्याकडे आधी संस्थानांत झाला : कोल्हापूरने 1945 मध्येच त्यांचा कायदा केला होता, आणि सयाजीरावांच्या बडोद्यात 1910 पासून मोफत वाचनालयांची साखळी उभी राहिली.

वाचनालय की ग्रंथालय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओघाने येतंच. वाचनालयात क्रिया आहे, ग्रंथालयात वस्तू. कायद्याने ग्रंथालय निवडलं, गावांनी वाचनालय. 1893 मध्ये ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था काढली तेव्हा तिसराच शब्द घेतला, मराठी ग्रंथसंग्रहालय. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक जमवायचं, हा हेतू त्या नावातच लिहून ठेवला. तुमच्या संस्थेच्या नावात जो शब्द असेल तो बदलू नका. तो स्थापना करणाऱ्यांनी विचार करून घेतलेला असतो.

आरआरआरएलएफ म्हणजे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, ग्रंथालयांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था. राममोहन रॉय यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली त्या 1972 साली ते कोलकात्यात सुरू झालं. ग्रंथालयांत त्याची ‘राजाराम मोहन रॉयची पुस्तकं’ अशी ओळख पडली आहे, शिक्क्यांवरसुद्धा तसं दिसतं. हे दुरुस्त करायला हवं. नाव राममोहन आहे आणि राजा ही पदवी. मराठी कानाला राजाराम ओळखीचा, म्हणून शब्द चुकीच्या जागी तुटला. त्यांच्या दोन योजनांची नावंही जपून वाचा. समान निधी म्हणजे राज्य शासन आपला वाटा घालतं आणि प्रतिष्ठान त्याला जोड देतं. असमान निधी वाचून वाटतं की कुणाला कमी, कुणाला जास्त. तसं नाही. त्यात राज्याने वाटा जुळवण्याची अट नसते, प्रतिष्ठान आपल्याकडून मदत करतं. ‘मॅचिंग’ला समान हा शब्द घेतला आणि ‘नॉन’ला अ लावला, त्यातून हा भलता अर्थ तयार झाला. ‘जोडनिधी’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

एक शब्द तुम्ही यादीत दिलेला नाही, तो मी देतो : देवघेव. टेबलावर पुस्तक देण्याघेण्याचं जे काम चालतं, त्याला इंग्रजीत सर्क्युलेशन म्हणतात, परिभाषेत त्याला ‘अभिसरण’ म्हणता आलं असतं. ग्रंथालयांनी देवघेव ठेवला आणि तो फलकांवर, वह्यांवर, अहवालांत सगळीकडे टिकला. हिंदीत लेन-देन, आधी घेणं. मराठीत आधी देणं. ‘आजची देवघेव किती?’ असं विचारलं की कर्मचारी आकडा सांगतो, समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या वह्यांवर काय लिहावं? नवी वही कराल तेव्हा मोठ्या अक्षरांत ‘ग्रंथ दाखल नोंदवही’ लिहा आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘परिग्रहण नोंदवही’, म्हणजे तपासणीला येणारे अधिकारीही अडणार नाहीत. रकाने या क्रमाने : दाखल क्रमांक, दाखल दिनांक, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष, पृष्ठं, किंमत, कुठून मिळालं, बोधांक, शेरा. शेऱ्याचा रकाना ऐसपैस ठेवा. जुन्या वहीतला शेवटचा क्रमांक पाहून नवी वही त्याच्या पुढच्या आकड्यापासून सुरू करा, एकपासून नको.