कपाटावरची पेटी

‘मॅडम, नोकरी करून पेटीला वेळ काढायचा कसा, तेवढं सांगा. बाकी माझं काही नाही.’

समोरचे गृहस्थ त्रेचाळिशीचे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. घर येळ्ळूरला. खरं तर त्यांना बायकोनं माझ्याकडे समुपदेशनाला धाडलं होतं, झोप लागत नाही आणि पोरांवर ओरडतात म्हणून. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, लिहायला त्यांची हरकत नाही.) वडील गावच्या भजनात पेटीला, म्हणजे हार्मोनियमला बसायचे. यांनीही गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या. मग लग्न, पाळ्या. त्यापुढचं विशारद राहिलं ते राहिलंच.

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. मी वेळापत्रक करून दिलं: पहाटे ५ ते ५.४५ रियाज. दुपारची पाळी सुटते रात्री ११ ला. घरी येऊन जेवून अंग टाकेपर्यंत साडेबारा. असल्या माणसाला पहाटे पाचला उठवणारी मी शहाणी! आठवड्यानं आले ते चेहरा पाडून. ‘मी काय करूलोय तेच कळंना झालंय, मॅडम.’ आधीचं एक ओझं होतं, त्यावर मी दुसरं चढवलं होतं.

मग वेळापत्रक फाडलं आणि एवढंच सांगितलं, घरी पोचल्यापासून डोळा लागेपर्यंत काय काय होतं ते आठवडाभर लिहा. कारखान्यातल्या प्रॉडक्शन शीटच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी लिहून आणलं. जवळजवळ रोज एक ओळ होती: मोबाईल, ३५ मिनिटं. मोबाईल, ४० मिनिटं.

‘काय बघता?’

जरा वेळानं म्हणाले, ‘पेटीचे सोलो.’

म्हणजे वेळ होता. तो दुसऱ्यांची पेटी ऐकण्यात जात होता, आणि ऐकून झालं की ‘आपल्याला हे या जन्मी जमायचं नाही’ म्हणत हे छताकडे बघत पडायचे.

‘आणि तुमची पेटी?’

‘कपाटावर. चादरीत बांधून. पुढं लग्नातली ट्रंक आहे.’

‘काढायची तर?’

‘स्टूल पाहिजे. आणि खाली धरायला एक माणूस.’

रोज रात्री साडेअकराला स्टूल आणि माणूस कोण आणणार? आमच्याकडे अशा वेळी इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांचं उदाहरण द्यायची पद्धत आहे. क्षयानं गाणं बंद पडलं तरी ते कसे परत उभे राहिले, वगैरे. मी ते देत नाही. थोरांच्या गोष्टी ऐकून दमलेला माणूस आणखी दमतो. मी म्हटलं, पेटी खाली काढा, वाजवू नका. नुसती डोळ्यासमोर ठेवा.

खाली आली तेव्हा भात्याची एक घडी उंदरानं कुरतडलेली, पावसाळ्यानं लाकूड फुगून दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या आणि काळी दोन या पट्टीचा सूर मुका. दुरुस्तीला माणूस शोधावा लागला नाही. बेळगाव तसं पेटीचं गाव. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांनी (१९१७–२०१०) इथं किती जणांना शिकवलं. कारागिरानं रीड काढून पितळी पात्याखालचा कचरा ब्लेडच्या टोकानं उडवला आणि काळी दोन बोलली. हे सांगताना गृहस्थ माझ्यासमोर पहिल्यांदा हसले. वर वडिलांची आठवणही निघाली. ते म्हणायचे म्हणे, ‘रेडिओनं १९४० ला पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत. आपल्या भजनाला कुणी कळवलंच नाही!’

प्रश्न उरला रात्रीचा. शेजारी झोपलेले, पोरं झोपलेली. भाता न मारता पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवली तर सूर उमटत नाही, पण हात चालू राहतो. दहा मिनिटं अलंकार (सुरांचे पलटे), मुक्यानं. चौथ्या दिवशी बायको उठून आली: ‘काय खटखट चाललीय?’ मग पट्ट्यांवर जुना पंचा टाकून सराव सुरू झाला. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात मात्र संध्याकाळी दिवाबत्तीनंतर वीस मिनिटं, भाता मारून.

एक गोष्ट मी हट्टानं सांगितली, कारखान्यात कानात प्लग घाला. आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज ऐकला तर कान हळूहळू जातात. गृहस्थ मात्र प्लग खिशात ठेवायचे आणि पाळी सुटल्यावर कानात शिट्टी वाजते म्हणायचे. सुरावर जगायचं म्हणणाऱ्यानं कानाची ही हेळसांड करावी, याचा मला रागच आला, आणि तो मी लपवला नाही.

गावच्या भजनी मंडळात परत जायला तयार नव्हते. ‘हाताची सवय गेलीय, लोक काय म्हणतील.’ तिथले मुख्य पेटीवाले आता दुसरेच. शेवटी ठरलं, एकादशीला जायचं, पण शेजारी बसून फक्त सूर धरायचा. एकादशी दुपारच्या पाळीत आली तर बदली मागायची. सुपरवायझर कन्नड, यांना वाटलं, भजनासाठी कोण सोडतंय. त्यांनी विचारलं, ‘विठ्ठलाचं का?’ त्यांच्या घरी कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं म्हणतात. त्यातही शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतोच. म्हणाले, ‘होगि बर्री.’ जाऊन या.

झोप आता बरी आहे. ओरडणं कमी झालंय असं बायको सांगते. थोरला पोरगा म्हणतो, तेवढंच आहे. विशारदचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. परवाच्या भेटीला ते आलेच नाहीत. रात्री मोबाईलवर ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग आलं, एका अभंगाला लावलेली त्यांची स्वतःची चाल. मध्येच कुकरची शिट्टी. खाली लिहिलं होतं: ‘आज एकादशी, विसरलो. मागच्या वेळची फी पण राहिलीय.’